पत्ता आहे, इमारत नाही : पुण्यातल्या एका मासिकाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका कौटुंबिक मासिकाचं आहे: कथा, क्रमशः कादंबरी, आरोग्य, पाककृती, शब्दकोडं या घडणीचं. काळ २०२१ ते २०२५ चा. मासिकाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. आकडे पूर्ण संख्येत आणले आहेत आणि ओळख पटू नये इतपत हलवले आहेत, प्रमाण तेच ठेवलं आहे. त्यांच्या बैठकांना मी बाहेरचा माणूस म्हणून बसत होतो. अधूनमधून माझी मतं येतील, ती माझीच समजावीत.

पार्श्वभूमी

मराठीत मासिक चालवायचं गणित गेली शंभर वर्षं फारसं बदललेलं नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून वर्षभराचा खड्डा दिवाळीच्या जाहिरातींनी भरायचा, ही रीतच पडून गेली. पुण्यात या धंद्याची वस्ती दाट. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं 'साधना' आजही शनिवार पेठेतून निघतं. १९६१ मध्ये निघालेला 'माणूस' १९८६ मध्ये थांबला. पेठांमधल्या जिन्यांवरून वर गेलं की एखाद्या तरी मजल्यावर नियतकालिकाची पाटी दिसायचीच.

आपलं मासिक सत्तरच्या दशकातलं. संस्थापकांचा सदाशिव पेठेत छापखाना होता आणि जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरच्या छपाईच्या कामांच्या, जोडीला मासिक सुरू झालं. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, मग ऑफसेट यंत्रावर, नव्वदच्या दशकात डीटीपीवर, म्हणजे संगणकावर पानं लावून. संस्थापक गेल्यावर संपादन सुनेकडे आलं, छपाई आणि पैसा मुलाकडे. वर्गणीदारांचं सगळं खातं एका व्यवस्थापक काकांकडे. ते इथे तीस वर्षांहून जास्त काळ आहेत आणि अर्धी यादी त्यांना तोंडपाठ आहे. याचा फायदा किती आणि तोटा किती, ते पुढे दिसेल.

या मासिकाची खरी वाचक म्हणजे दुपारची वाचक. जेवणं, झाकपाक उरकून दीड ते चारच्या मधे लवंडून वाचणारी. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली आणि कथेची भूक दूरदर्शन संचावर भागू लागली, तेव्हा तिला पहिला धक्का बसला. या वाचकाच्या घरातली सून तर दुपारी घरी नसतेच, ती नोकरीला जाते. हे सगळं संपादकांना ठाऊक होतं. त्यामुळे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि वर्गणीदार आणखी घटू लागले, तेव्हा कारण शोधायची गरजच कुणाला वाटली नाही. मोबाइलने वाचक नेला, हे वाक्य कार्यालयात इतक्या वेळा म्हटलं जायचं की ते तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही.

अडचण

२०१४ च्या सुमारास नऊ हजार वर्गणीदार होते, २०१९ मध्ये ५,६०० राहिले आणि २०२१ अखेर नोंदीवर ३,९०० उरले. वार्षिक वर्गणी दिवाळी अंकासह ५०० रुपये, अनेक वर्षं न वाढवलेली.

मधे टाळेबंदी येऊन गेली होती. मार्च २०२० मध्ये रेल्वेच थांबल्याने टपालही अडलं. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वृत्तपत्र टाकायलाच मनाई केली. स्टॉल बंद. इतर अनेकांप्रमाणे यांनीही अंकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट सोडली आणि पुढे तीन महिन्यांचा जोडअंक काढला. पीडीएफ कुठून कुठे गेली याचा पत्ता लागला नाही. अमेरिकेतून, दुबईतून कौतुकाचे निरोप आले, वर्गणी मात्र कुणीच पाठवली नाही. छापील अंक पुन्हा सुरू झाल्यावर काही जुने वर्गणीदारच विचारू लागले, "पीडीएफ पाठवता ना, मग पैसे कशाला?"

त्यातच कागद महागला. साधा अंक ८० पानांचा, म्हणजे सोळा पानी पाच फॉर्म आणि रंगीत मुखपृष्ठ. २०१९ मध्ये तो प्रतीमागे २१ रुपयांना पडत होता, २०२२ च्या मध्याला ३१ रुपये झाला. स्टॉलवरची विक्री नावापुरती उरली होती आणि परतीचे अंक वाढले होते. वर्षाकाठी दीड-दोन लाखांची पदरमोड होऊ लागली. छापखान्याच्या मिळकतीतून ती निघत होती, पण छापखान्याचं तरी कुठे बरं चाललं होतं.

२०२२ च्या सुरुवातीला घरात आणि कार्यालयात मिळून एकच प्रश्न चर्चेला होता: छापील बंद करून डिजिटल व्हायचं की मासिकच बंद करायचं?

आधी फोन केले

इथला पहिला निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तो निघाला चिडण्यातून. एका बैठकीत मुलाने पुन्हा मोबाइलचं वाक्य म्हटल्यावर संपादक वैतागून म्हणाल्या, "गेलेल्यांना कुणी विचारलंय का, का गेलात म्हणून?" कुणीच विचारलं नव्हतं. पत्रकारिता शिकणाऱ्या दोन मुलींना तीन महिन्यांसाठी मानधनावर घेतलं आणि गेल्या पाच वर्षांत वर्गणी न भरलेल्यांना फोन लावायला बसवलं. अट एकच होती, वर्गणीचा विषय आपण काढायचा नाही. पहिला प्रश्न: "आमचा अंक तुम्हाला मिळत होता का?"

पहिल्याच दिवशी एका आजींनी उलट विचारलं, "अगं, बंद पडलं ना तुमचं मासिक? वर्ष झालं, अंकच नाही."

हे उत्तर इतक्यांदा आलं की मुलींनी त्यासाठी वहीत वेगळा रकाना आखला. फोन उचललेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांची तक्रार हीच होती. अंक दोन-तीन महिने आला नाही, मग वर्गणी भरायचं राहून गेलं.

दुसरं कारण खास पुण्यातलं. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे हा या मासिकाचा बालेकिल्ला. तिथल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. माणसं दोन-तीन वर्षांसाठी वारज्याला, बावधनला भाड्याने राहायला जातात. गॅसचा, बँकेचा, आधारचा पत्ता बदलतात, मासिकाचा कोण बदलतो? अंक पत्र्याच्या कुंपणापर्यंत जात राहतो. कार्यालयाच्या जिन्याखाली परत आलेल्या अंकांची पोती होती. त्यातले अंक आम्ही एका दुपारी उपसून पाहिले. वेष्टनांवर पोस्टमननी निळ्या पेनाने शेरे मारले होते: 'डोअर लॉक', 'लेफ्ट', आणि एकावर स्वच्छ मराठीत, 'बिल्डिंग पाडली'. ती पोती दर वर्षी रद्दीत जात होती. शेरे वाचून यादीत दुरुस्ती करायचं काम कुणाच्याच गळ्यात नव्हतं.

तिसरं कारण डोळे. "भिंग घेऊन वाचते, दोन पानांत डोळे भरून येतात. नातवाने मोबाइलवर अक्षर मोठं करून दिलंय, तेच बघत बसते." या बाईंची नोंद 'मोबाइलने नेलेली वाचक' अशीच झाली असती. मासिकाचा मजकूर ११ पॉइंटात लागत होता. डीटीपीच्या सुरुवातीला पानं वाचवायला केलेली ती तडजोड पुढे कुणी बदललीच नव्हती.

काही घरी फोन मुलाने किंवा मुलीने उचलला आणि आई किंवा वडील गेल्याचं सांगितलं. त्यातल्या कितीतरी घरी अंक अजून जात होता, वर्गणी संपेपर्यंत. मनोरंजनाचं साधन बदलल्यामुळे, म्हणजे खरोखर मोबाइलमुळे सोडून गेलेलेही भेटले. पण कार्यालयात समजत होते त्याच्या मानाने फारच थोडे.

याच जोडीने चालू यादीही तपासली आणि तिथे वेगळाच हिशेब बाहेर आला. ३,९०० पैकी साडेसहाशे अंक चुकीच्या, पाडलेल्या किंवा रिकाम्या घरी जात होते. खरे वर्गणीदार सव्वातीन हजारच.

सत्तर पैसे

अंक पोचत नाही याचा सगळा दोष टपाल खात्यावर टाकायचा मोह होतो, पण थोडं थांबावं. नोंदणी झालेल्या नियतकालिकाला टपालाची सवलत मिळते. ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे, पुढच्या प्रत्येक १०० ग्रॅमला २० पैसे. हा अंक १६५ ग्रॅमचा, म्हणजे सदाशिव पेठेतून गडचिरोलीपर्यंत ७० पैशांत. इतक्या पैशांत माग काढायची सोय नाही, पोचपावती नाही, दाद मागायला जागा नाही. मराठी मासिकं इतकी वर्षं तगली त्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे, आणि ती चुपचाप गळत राहिली त्यातही तिचा वाटा आहेच. कुणाला अंक मिळाला नाही हे प्रकाशकाला कळायचं एकच साधन होतं: वाचकाचं पोस्टकार्ड. पोस्टकार्डं लिहायची थांबली तशा तक्रारीही थांबल्या आणि कार्यालयाला वाटलं, सगळं सुरळीत आहे.

समोर असलेले पर्याय

फक्त दिवाळी अंक ठेवायचा, हा पर्याय बरेच जण निवडतात. जाहिराती त्यातच आहेत, वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनांमुळे खप ठरलेला असतो. संपादकांनी तो सुरुवातीलाच बाजूला ठेवला. अकरा महिने लेखकांशी बोलणं नसेल तर बाराव्या महिन्यात चांगली कथा कोण देणार, हा त्यांचा सवाल होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

मासिक विकायचं, यावर एका मोठ्या समूहाशी प्राथमिक बोलणं झालं. तिथे कळलं की शीर्षक, म्हणजे मासिकाच्या नावाची नोंदणी, अजून संस्थापकांच्याच नावावर आहे आणि वारस तीन. विषय तिथेच थांबला.

द्वैमासिक करायचं, ही मुलाची सूचना. छपाईचा खर्च निम्म्यावर येईल. त्यावर काकांनी कपाटातून पोस्टाचा नोंदणीचा कागद काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, दोन अंकांत एकतीस दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं की पोस्टाच्या लेखी आपण वृत्तपत्र राहत नाही. सत्तर पैसे विसरा." शिवाय तेव्हाच्या कायद्याप्रमाणे प्रकाशनाचा कालावधी बदलला की नव्याने घोषणापत्र करावं लागे, ते वेगळंच. बैठकीचा रंग पालटला आणि द्वैमासिकाचा प्रस्ताव पंधरा मिनिटांत गुंडाळला गेला.

अ‍ॅपवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. बाणेरच्या एका कंपनीने साडेसहा लाखांचा अंदाज दिला, देखभाल वेगळी. सादरीकरण देखणं होतं. पण सीएंनी मांडलेला हिशेब असा: छापील मासिकावर जीएसटी नाही, तेच ऑनलाइन वर्गणीवर दिलं की १८ टक्के. वाचकाने ५०० रुपये भरले तर कर वजा जाता ४२४. त्यातून अ‍ॅप-दुकानाचं १५ टक्के कमिशन गेलं की हातात ३६०. कार्डावरून दर वर्षी आपोआप पैसे वळते करून घ्यायचे, तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती आणि प्रत्येक वेळी २४ तास अगोदर सूचना हवी. ते योग्यच आहे, पण विसरून चालू राहिलेल्या वर्गण्यांवर अवलंबून असणारं परदेशी गणित इथे चालणार नव्हतं. हजारभर डिजिटल वर्गणीदार मिळाले तरी साडेसहा लाख फिटायला दोन वर्षं लागली असती. आणि हजार मिळतील याला आधार काय, तर फुकट पीडीएफचं कौतुक करणारे ते निरोप.

उरला तो नीरस पर्याय. यादी दुरुस्त करायची, अंक पोचता करायचा, अक्षर मोठं करायचं, आणि या सगळ्याचे पैसे वाचकाकडूनच मागायचे.

काय केलं

काकांची रजिस्टरं आणि जुनी एक्सेल शीट एकत्र करून नवी यादी केली. पत्त्याऐवजी फोन नंबर ही प्रत्येक वर्गणीदाराची खूण ठरली, कारण माणसं घर बदलतात, नंबर सहसा बदलत नाहीत. काकांना हे जड गेलं. त्यांच्या वहीत 'जोशी, गुळवणी रस्त्याजवळ, मुलगी बेळगावला' अशा नोंदी होत्या आणि त्यातली बरीच माहिती खरोखर उपयोगाची होती. त्यासाठी शेरा नावाचा रकाना मुद्दाम ठेवला.

अंक पोस्टात पडला की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जाऊ लागला: अंक आज रवाना, दहा दिवसांत न मिळाल्यास १ लिहून पाठवा. पहिल्या महिन्यात १ लिहिणाऱ्यांची इतकी रांग लागली की दुसऱ्या प्रती कमी पडल्या. त्यातून पिनकोडवार चित्र उभं राहिलं. ४११०३८, ४११०५२, ४११००४ आणि ४११०३० या चार पिनकोडमध्ये वर्गणीदार दाट होते आणि तक्रारीही. तिथे टपाल सोडून पेपर टाकणाऱ्या विक्रेत्यांशी प्रतीमागे आठ रुपयांवर बोलणी केली. सत्तर पैशांच्या जागी आठ रुपये म्हटल्यावर मुलगा हादरला होता. पण हे विक्रेते रोज त्याच दारात जातात आणि कुठली सोसायटी पाडली, कोण कुठे राहायला गेलं, हे त्यांना पोस्टमनच्याही आधी कळतं.

मजकूर साडेतेरा पॉइंटावर नेला, ओळींतलं अंतर वाढवलं. एक फॉर्म वाढवून ९६ पानं केली, तरी दोन कथा कमी झाल्या. लेखकांपैकी काही नाराज झाले. वाचकांपैकी कथा कमी झाल्याची तक्रार आल्याचं मला तरी आठवत नाही.

जानेवारी २०२३ पासून वर्गणी ७५० रुपये झाली. यावर खूप खल झाला. एका बाजूचं म्हणणं, सहाशे करून बघू, पुढच्या वर्षी आणखी. संपादकांनी एकदाच वाढ करायची आणि तिचं कारण अंकात छापायचं असं ठरवलं. कागद किती महागला, घरपोच द्यायला किती पडतात, सगळं एका पानात रुपया-पैशांत मांडलं. मला तो धोका वाटला होता. मराठी प्रकाशक स्वतःचा ताळेबंद सहसा असा उघडा ठेवत नाहीत.

भेट-वर्गणीची कल्पना फोनवरच सापडली. हिंजवडीतल्या, वाकडमधल्या, न्यू जर्सीतल्या मुली-मुलांना स्वतःला मासिक नको होतं, आईला मिळावं असं मात्र वाटत होतं. "क्यूआर पाठवा, आत्ता टाकते," असं म्हणून दोन मिनिटांत पैसे टाकणाऱ्या या वर्गाकडे आजवर कुणी लक्षच दिलं नव्हतं. वाचणारी एक आणि पैसे देणारी दुसरी, तर वर्गणी संपल्याचा निरोप दुसरीला जायला हवा. इतकी वर्षं तो अंकात घातलेल्या गुलाबी चिठ्ठीने पहिलीलाच जात होता.

डिजिटल अगदीच सोडलं नाही. ४०० रुपयांत पीडीएफ, प्रत्येक पानावर वर्गणीदाराचं नाव आणि नंबर फिकट छापलेला. गळती थांबली नाही, पण आपल्या नंबराची पानं गटात टाकायला माणूस कचरू लागला. महिन्याला दोन कथांचं वाचन ध्वनिमुद्रित करून त्याची लिंक सगळ्या वर्गणीदारांना पाठवायची, हेही सुरू केलं.

जुन्या अंकांचं गाडं अडलं ते अडलंच

चाळीस वर्षांच्या अंकांचं डिजिटल संग्रहालय करायचं हे संपादकांचं स्वप्न होतं. १९९६ नंतरचे अंक सीडींवर होते, त्यामुळे ते सोपं जाईल असं सगळ्यांना वाटलं.

त्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, आणि अक्षरं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या एकाच अक्षरसंकेताच्या, आधीच्या फाँटमधली. गंमत अशी की संगणकावर मराठी आणण्यात पुण्याचा मोठा हात आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था इथली, श्री-लिपी हे मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. पण त्या काळी प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी असायची आणि मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी हाती यायची. कन्व्हर्टरने ती मराठीत आणली, पण 'स्थिती'ची 'सि्थती' झाली, 'पूर्वी'चा रफार उडी मारून 'र्पूवी' झाला, 'तऱ्हा'मधला ऱ हरवला. एका अंकाचं मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावं लागत होतं. एका वर्षाचे अंक झाल्यावर काम थांबवलं.

दुसरी अडचण कायद्याची. लेखकांशी लेखी करार कधी झालाच नव्हता. कथा यायची, छापली जायची, मानधन मनीऑर्डरने किंवा धनादेशाने जायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि लेखी दिले तरी मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे आजीच्या कथेसाठी नातवाला शोधायला निघायचं. हे झेपणारं नव्हतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पुढच्या प्रत्येक मानधनाच्या पावतीवर छापील, डिजिटल आणि ध्वनी अशा तिन्ही माध्यमांची, दहा वर्षांची, जगभरासाठीची परवानगी घ्यायला सुरुवात केली. आणि हयात लेखकांपैकी साठेक जणांकडून जुन्या कथांसाठी पत्रं मिळवली. ध्वनिमुद्रणाच्या कथा त्यांतूनच निवडतात.

परिणाम

वर्गणी वाढवल्यावर साधारण पाचवा हिस्सा गळाला. ते तीन-चार महिने कार्यालयातली हवा चांगली नव्हती. फोनमोहिमेतून परतलेले आणि भेट-वर्गणीवाले यांनी तूट भरत आणली. मार्च २०२५ अखेर ३,७०० वर्गणीदार होते, त्यात सातशेच्या आसपास भेट-वर्गणीचे. नोंदीवरच्या जुन्या ३,९०० पेक्षा हा आकडा लहानच, पण यातला प्रत्येक अंक कुठल्या दारात पडतो हे माहीत आहे. पदरमोड थांबली. नफा म्हणावा इतका पैसा सुटत नाही.

निव्वळ पीडीएफचे वर्गणीदार तीनशेच्या आत. ध्वनिमुद्रित कथा ऐकणारे मात्र बरेच निघाले आणि त्यातले बहुसंख्य छापील अंकाचेच वर्गणीदार. डोळे थकल्यावर रात्री पडल्या पडल्या ऐकतात. नव्या तंत्रज्ञानाचा उपयोग नव्या वाचकांपेक्षा जुन्यांनाच जास्त झाला, हे या प्रकरणातलं मला सगळ्यांत अनपेक्षित.

जाहिरातींचं मात्र नुकसान झालं. छपाई ४,८०० वरून ४,००० वर आणल्यावर जाहिरातदारांना कुठला आकडा सांगायचा, यावर घरात दोन तट पडले. या धंद्यात सांगायचा खप आणि छापायचा खप यांत अंतर ठेवायची पद्धत जुनी आहे. संपादकांनी खरा आकडा सांगितला. दोन नेहमीचे जाहिरातदार दिवाळी अंकातून गेले, एका एजन्सीने दर निम्म्यावर मागितला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सेवा देणारे काही नवे आले, कारण चार पिनकोडमध्ये घरपोच अंक जातो हे त्यांना भावलं. तरी जाहिरातींचं उत्पन्न २०१९ च्या निम्म्यावर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

द्वैमासिकाचा पर्याय फार लवकर सोडला, असं माझं मत. काकांचा मुद्दा बिनतोड होता आणि म्हणूनच पुढचा हिशेब कुणी केला नाही. वर्षात सहा अंक कमी छापले तर प्रत्येक वर्गणीदारामागे १८६ रुपये वाचत होते. सवलत गेली असती तरी उरलेल्या अंकांच्या टपालाला त्याहून बरंच कमी लागलं असतं. क्रमशः कादंबरी दोन महिन्यांवर टांगली जाईल, वाचकाची सवय मोडेल, हे आक्षेप खरे आहेत आणि कदाचित निर्णय तोच झाला असता. पण पुढे त्याच मंडळींनी चार पिनकोडमध्ये सत्तर पैशांची सवलत आपण होऊन सोडली आणि आठ रुपये मोजले, हे पाहता त्या बैठकीत सवलतीला दिलेलं वजन जरा जास्तच होतं.

टाळेबंदीत पीडीएफ फुकट सोडण्याला त्या घडीला इलाज नव्हता. घेणाऱ्याचं नाव आणि नंबर तेवढा विचारला असता तर परदेशातल्या वाचकांची यादी आयतीच हाती आली असती. संपादकांना याची हळहळ अजून वाटते.

छापील की डिजिटल या वादात पाच-सहा महिने गेले. त्या काळात जिन्याखालची पोती तिथेच होती. परत आलेला अंक हा फुकट मिळालेला पत्रव्यवहार आहे. तो वाचायला रोज अर्धा तास आणि एक माणूस पुरतो. आता तो माणूस नेमला आहे.

काही गोष्टी अजून लटकलेल्या आहेत. १८६७ चा जुना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, काम ऑनलाइन झालं. शीर्षक संस्थापकांच्या नावावरून काढायला तिन्ही वारसांच्या सह्या लागणार आहेत, त्यातली एक अद्याप यायची आहे. काकांनी येत्या मार्चमध्ये थांबायचं ठरवलं आहे आणि शेरा रकान्यातल्या अर्ध्या नोंदी त्यांच्याशिवाय कुणाला उलगडत नाहीत, म्हणून शनिवारी संध्याकाळी एक मुलगी त्यांच्याजवळ बसून त्या फोडून लिहून घेते.

सध्याची अडचण दिवाळी अंकाची आहे. हरवलेल्या दिवाळी अंकाची दुसरी प्रत आणि वाचनालयांचे गठ्ठे रजिस्टर्ड बुकपोस्टाने जायचे. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने ती सेवा बंद केली. मे २०२५ मध्ये आलेली ज्ञान पोस्ट ही पोस्टाची नवी सेवा पुस्तकांसाठी आहे, जाहिराती असलेल्या प्रकाशनांना ती चालत नाही, आणि जाहिरातींशिवाय दिवाळी अंक निघत नाही. कुरियरने पाठवायचं तर पुण्याबाहेरच्या वाचकाकडून वेगळे पैसे घ्यायचे की सगळ्यांचीच वर्गणी पन्नासने वाढवायची, यावर मुलगा आणि संपादक यांचं अजून एकमत झालेलं नाही. ऑगस्टच्या अंकात निवेदन छापायचं आहे, त्यासाठी अर्धं पान राखून ठेवलं आहे.